गेटवरची खूण

भवानी पेठ, सोलापूर
८ डिसेंबर २०२४

आदरणीय महबूब चाचा,

शिवलीलाचा नमस्कार. अकलूजला लेकीकडे, गुलबानोकडे आराम मिळतोय ना? आमचे आप्पा बरे आहेत. भाकरीवर शेंगाचटणी आली की शेजारच्या मागावरच्या दोस्ताची, म्हणजे तुमची, आठवण काढतात.

टॉवेलचे नवे माग सुरू झाले. त्यांच्याविरुद्ध कुणी संपावर गेलं नाही म्हणून मालकांनी सभेत माझं कौतुक केलं, शाल दिली. तिची घडी मी अजून मोडलेली नाही. मी पडले एचआरवाली बाई, बोलणारच. माझ्या भाषणाला कोण विचारतं? "लीला आपल्या रेवणप्पाची पोर हाय. ती म्हन्ती तर मी शिकतो की," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा कुठे बाकीचे नवे माग शिकायला आले.

जुन्या खात्यात त्या खडखडाटात सगळेच हाताच्या खुणांनी बोलायचे. तुमचे कान गेलेत हे कळणार कसं? त्यामानाने शांत अशा नव्या हॉलमध्ये ते उघडं पडलं. धागा तुटून यंत्र पीं पीं करायचं आणि तुम्ही पाठ करून उभे. शिकवणारा ओरडला, पोरं हसली, तुम्ही नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिलात. घरात आप्पांशी मी रोज ओरडूनच बोलते, तरी माझ्या लक्षात आलं नाही. फार राग येतो स्वतःचा.

त्याच दुपारी गेटवरून तुम्ही वळून पाहिलंत. आत मागांकडे बोट दाखवलंत, मग छातीवर हात ठेवलात. मला वाटलं, कायमचा निरोप घेताय. मीही हात हलवला.

परवा आप्पांना तसं करून दाखवलं. ते हसले. "अगं, म्हंजे 'माझा माग बघ, आलोच'. चहाला जाताना महबूब रोज मला तसंच सांगायचा की."

काल गुलबानोला फोन केला. कानाचं यंत्र मिळालं की तुम्ही कामावर यायचं म्हणताय, असं ती हौसेनं सांगत होती. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. पण गेटवर परक्या माणसानं सांगण्यापेक्षा मीच सांगते. चाचा, तुम्ही गेलात असं समजून तुमची जागा मी दुसऱ्याला देऊन टाकली. त्याच्याही घरी खाणारी तोंडं आहेत. त्याला कुठल्या तोंडानं काढू?

मालकांशी भांडून आता प्रत्येक मागावर लाल दिवा बसवून घेतलाय. धागा तुटला की पेटतो. कान गेलेल्या इतरांचं काम त्यामुळे वाचलं. तुमच्या वेळी सुचायला हवं होतं.

तुम्ही जिच्यावर माग सोडून गेलात, ती
लीला