सोमवारी भुऱ्याला सुट्टी असते

वर्धा, रविवार, दुपार

तीर्थरूप वासुदेवमामांस,

भाचा गजेंद्र पाया पडतो. आपल्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे हे मला ठाऊक आहे, आणि लग्नाकार्यात तुम्ही वाकता तेव्हा मला इतका घाम फुटतो की मी तुमचे डोके वाटेतच धरतो. तरी आज मीच पडतो, कारण प्रसंग तसा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मनकर्णामामींच्या कुरडया वाळल्या का? भुऱ्याचा मागचा खूर बरा झाला का? (बैलाची चौकशी मामींच्या नंतर केली आहे, हे मामींच्या नजरेस आणावे.) फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर तुम्ही माझे पहिले वाक्य पुरे व्हायच्या आत "बरं, ठेव" म्हणता, आणि माझा मुद्दा पुष्कळ पुढे असतो.

आईने सांगितलेच असेल की मी सध्या एका शिबिरात कामाला आहे. वर्ध्यात शिबिर म्हटले की लोक आधी चरखे कुठे ठेवलेत ते विचारतात. हे तसले नव्हे. हे यहुदी लोकांच्या मुलांचे उन्हाळी शिबिर आहे. फ्लोराबाई झिराडकर म्हणून एक वयस्कर बाई आहेत. त्यांचे यजमान पुलगावच्या डेपोत नोकरीला होते. ते वारल्यावर बाई वर्ध्यातच राहिल्या, आणि आता मे महिन्यात ठाण्या-पनवेलकडचे नातलग आपली मुले त्यांच्याकडे पाठवतात. (मे महिन्यात, वर्ध्याला! यावरून त्यांची श्रद्धा किती पक्की असेल ते समजावे.) रात्री मुले बाईंच्या आणि शेजारच्या दोन घरी झोपतात, दिवसभर भाड्याने घेतलेल्या शाळेत शिबिर चालते. पाणी, कुलर आणि जेवणाची मांडामांड माझ्याकडे आहे.

परदेशी माणसे येणार म्हणून मी इंग्रजीची तीन वाक्ये पाठ करून गेलो होतो. पहिले अर्ध्यावर असताना बाई म्हणाल्या, "अरे बाबा, आधी त्या कुलरात पाणी ओत, पोरं वाळून चाललीत." मामा, ते घरात मराठीच बोलतात, आणि तेही आपल्यापेक्षा नीट. पण तीच मुले डोक्यावर वाटीएवढी टोपी ठेवून प्रार्थना म्हणू लागली, की एक शब्द कळत नाही आणि तरी हातातली बादली खाली ठेवावीशी वाटते. मी ठेवली. (ती कोणाच्या पायावर ठेवली, तो भाग वगळतो. मुलगा आता चालतो.)

मग मठ्ठ्याचे झाले. त्या दिवशी कोंबडीचा रस्सा होता, नारळाच्या दुधातला, आणि बाहेर ऊन असे की रस्त्याचे डांबर चपलेला चिकटत होते. मला वाटले, लेकरांना गार मठ्ठा द्यावा. कोणी सांगितले नव्हते. स्वतःच्या मनाने केला, जिरे भाजून घातले, आणि रश्श्याच्या ताटाशेजारी ग्लास ठेवत गेलो. मुलांनी ग्लास उचलले. तेवढ्यात फ्लोराबाई आत आल्या आणि नुसत्या "मुलांनो" म्हणाल्या. मामा, वीस-बावीस ग्लास ओठांपाशी जागच्या जागी थांबले. सर्वांत लहान मुलगी पाच वर्षांची, तिच्या वरच्या ओठाला ग्लासाचे थेंब लागले होते. तिने ते जिभेने नाही, बाहीने पुसले. त्यांच्यात मांसाबरोबर दूध-दही-ताक घेत नाहीत. मी शरमेने अर्धा झालो, पण डोळे मात्र त्या मुलीवरून हटेनात. (आपल्या रोशनला चतुर्थीचा उपास होता तेव्हा त्याने देवघरामागे बसून अंडे खाल्ले होते, आणि त्याचे वय तेव्हा एकोणीस होते.) नाथन म्हणून बारा वर्षांचा एक बोलका मुलगा आहे, तो मला धीर द्यायला आला. म्हणाला, "काका, वास भारी होता हो."

खरी गोष्ट गुरुवारी घडली. फ्लोराबाई मुलांना त्यांच्या पूर्वजांची हकीकत सांगत होत्या. फार फार वर्षांपूर्वी त्यांचे जहाज कोकणच्या किनाऱ्यावर फुटले. जे वाचले ते तिथेच राहिले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद, काही झाले तरी बंद. म्हणून गावचे लोक त्यांना म्हणत, शनवार तेली.

मामा, मी दाराशी पाण्याचा कॅन घेऊन उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेले, "बाई, आमी बी तेलीच आहो. सोमवारचे."

सगळी मुले वळून माझ्याकडे पाहू लागली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मला खुर्ची दिली. (तिथे मला खुर्ची देणारे तोवर कोणी नव्हते, दोष त्यांचा नाही, मी बसत नव्हतो.) मग प्रश्नांचा पाऊस. लाकडी घाणा अजून आहे? आहे, रोहण्याला, मामाचा. बैल ओढतो? ओढतो, नाव भुरा. सोमवारी का बंद? महादेवाचा वार, नंदीला जू लावत नाहीत. आणि शनिवारी? मी म्हटले, शनिवारीच तर खरा धंदा, मारुतीला तेल घालायला अख्खे गाव येते. यावर बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आले. "ऐका रे! आधी जहाज फुटलं, आणि वाचलेल्यांनी दुकान नेमकं शनिवारी बंद ठेवलं. आपण टिकलो कसे, हाच चमत्कार."

मग आवाज उतरवून म्हणाल्या, "बहात्तर वर्षांची झाले, पण बैलाचा घाणा मी डोळ्यांनी पाहिलेला नाही." त्यांची नात दिना, सतरा वर्षांची, जूनमध्ये कायमची इस्राएलला चालली आहे. ती म्हणाली, "मीसुद्धा न बघताच जाणार." मामा, तिथे दगडही बोलला असता. मी बोललो. मी सगळ्यांना रोहण्याला यायचे निमंत्रण देऊन टाकले. तुमच्या नावाने.

आता अडचण. लग्नसराईत गाडी मिळत नाही, सगळ्या वऱ्हाडात गुंतलेल्या. फक्त या सोमवारी मुहूर्त नाही म्हणून एक मिनीबस मोकळी, आणि बुधवारी शिबिर संपते. सोमवार म्हटल्यावर मी गाडीवाल्याला दुसरा वार मिळेल का ते तीनदा विचारले, कारण मागच्या साली नागपूरहून टीव्हीवाले सोमवारी आले होते तेव्हा तुम्ही त्यांना चहा पाजून म्हणाला होता, "उद्या येजा. आज बैलाची सुट्टी हाय, अन् त्याच्यापाशी मोबाईल नाई, नाई तर विचारलं असतं."

मी बाईंना सगळे खरे सांगितले. वाटले, म्हणतील की एक दिवस मामांनी जमवून घ्यावे. त्या उठून उभ्या राहिल्या. सर्व मुलांना बोलावून मला ते पुन्हा सांगायला लावले. त्यांच्या धर्मात बैलाच्या सुट्टीची आज्ञाच आहे म्हणे: मालकाबरोबर त्याच्या बैलानेही विसावा घ्यावा. "आणि बघा, हे मामा तिकडे टीव्हीवाल्यांना परत पाठवतात! भुऱ्याला कोणी हात लावायचा नाही."

तेव्हा नाथन म्हणाला, "मग घाणा आपण ओढू."

त्यावर अख्खी सकाळ वाद झाला. (त्यांच्यात प्रश्न सुटण्यापेक्षा नीट मांडला गेला याचा आनंद जास्त.) सुट्टी बैलाची की घाण्याची? बैलाची असेल, तर माणसांनी ओढायला हरकत नाही. दिनाचे म्हणणे, भुरा बघत असेल तर सवयीने उठून उभा राहील, म्हणजे त्याचा विसावा मोडलाच. त्याला मागच्या गोठ्यात बांधावे. नाथनचे म्हणणे, समोरच बांधावे, दुसरे राबताना दिसले नाहीत तर सुट्टीची मजा काय? मामा, तुमच्या भुऱ्याच्या मनाचा एवढा विचार आजवर कोणी केला नसेल, आणि मी तर त्याच्या शेणात वाढलो आहे. शेवटी बाईंनी निकाल दिला: ज्याचा बैल, त्याने ठरवायचे. तो म्हणेल ते मान्य, घाणा बंद म्हणाला तर बंद बघून परत.

तरी निर्णय तुमचा आहे. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, भुऱ्याला पाठीवर थाप.

आपला आज्ञाधारक,
गजेंद्र

ता. क. बाईंनी विचारले, "मामांना कळवलंस ना?" मी म्हणालो, "पत्र लिहिलं, बाई." हे खरे आहे.

ता. क. २. मामींनी मठ्ठा करू नये. घरात मटण नसले तरी करू नये, माझे काळीज थाऱ्यावर राहणार नाही.

ता. क. ३. हे सोमवारी सकाळी लिहितो आहे, पुलगाव मागे पडले, अक्षर गाडीमुळे हलले आहे. हे पत्र तुमच्या हातात देणारी मुलगी म्हणजे दिना. मागे चष्म्याच्या बाई उभ्या असतील, त्यांना तेवढे बसायला द्यावे. तुम्ही वाचून होईपर्यंत कोणी काही बोलणार नाही, तसे ठरले आहे. मी गाडीत शेवटच्या सीटवर आहे. घाण्याचे दार उघडल्याचा आवाज आला, तर उतरतो.