सावलीतल्या पेशी

३ मार्च, सोमवार

माझं नशीब फिरलं ते आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. कॅन्सर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी अंधाऱ्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि मी नोकरदार झालो! बाबा म्हणाले होते, कॉलेज अर्धवट टाकलेल्या गाढवाला कुणी डिशा धुवायलाही ठेवणार नाही. घ्या. नेमकं डिशा धुवायलाच ठेवलंय.

खोली झक्कास आहे. खिडकीला काळा कागद, कोपऱ्यात हिरवा मिणमिणता बल्ब, भिंतीशी इन्क्युबेटर, म्हणजे अंगाएवढी ऊब धरणारं कपाट. टेबलावर लाल दिवा. मॅडमनी काम एकदाच सांगितलं, तेही भरभर. रुग्णाच्या गाठीचा तुकडा येतो, त्याच्या पेशी काचेच्या डिशमध्ये वाढवायच्या, मग त्यांना औषध पाजायचं. हे औषध अंधारात गरीब गाय. लाल उजेड पडला की पेटतं आणि पेशीला आतून जाळतं. म्हणून डिश फॉइलमध्ये गुंडाळायची आणि नंबर कडेला लिहायचा, झाकणावर नाही. मी हो हो म्हटलं. काका, म्हणजे इथे तीस वर्षं घासलेले मदतनीस, म्हणाले की ‘हो हो’ म्हणणारे आजवर सहा आले आणि सहाही गेले.

४ मार्च, मंगळवार

ती दिसली. व्हरांड्यातल्या बाकावर, मांडीवर फाइल, तोंडावर रुमाल. जिच्यापायी मी प्राध्यापकाची कॉलर धरली आणि कॉलेजवर पाणी सोडलं, ती. जिभेला गाठ झालीय. बोलणं बोबडं झालंय, तरी पहिलं वाक्य हेच, की माझा माग काढत इथवर आलास का रे, बिनडोक बैला. याच जिभेनं तिनं मला भर कॅन्टीनमध्ये झिडकारलं होतं. या जिभेसाठी मी जीव टाकतो. आणि तिच्यावरच चढून बसलीय ती हरामखोर गाठ!

फाइलवर नंबर सतरा. इन्क्युबेटरमधली सतरा नंबरची डिश तिची. काकांनी सांगितलं, निर्णय तेरा तारखेला. डिशमधल्या पेशी उजेडानं मेल्या तर तिला उजेडाचा उपचार. नाही मेल्या तर अर्धी जीभ कापणार.

औषध घालून डिश बंद केली आणि झाकणाच्या मधोमध काळ्या मार्करनं ठसठशीत १७ काढला. तिचा नंबर कडेला का म्हणून लपवायचा?

५ मार्च, बुधवार

वीस मिनिटं लाल दिवा. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. पेशींना बुडबुडे फुटतात, उतू जाणाऱ्या दुधासारखे. मग आकसतात, बूड सुटतं, तरंगतात. मी एकेकीला नाव ठेवून शिव्या घातल्या. काका म्हणाले, त्यांना कान नसतात, आम्हाला आहेत.

६ मार्च, गुरुवार

मेलेल्या धुऊन टाकल्या. तळाशी पांढुरका थर उरला. त्याचा आकार १७.

मार्करची सावली! आकड्याखाली उजेड पोचलाच नाही, तिथल्या पेशी जगल्या. मी वाचवल्या त्या. माझ्या या हातानं.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुला प्रेम करायचं असेल तर वहीत कर, झाकणावर नको. तुकडा संपलाय, आता नव्या डिशा या वाचलेल्या पेशींच्याच भरायच्या. मीही आवाज चढवला. कुणावर, ते मलाच ठाऊक नाही.

१० मार्च, सोमवार

नवी डिश, या वेळी ताटलीएवढी. झाकण कोरं. दिवा लावला. क्षणभर टेबलावर हात टेकला असेन, एवढंच.

धुतल्यावर तळाशी पाच बोटं आणि तळवा. मोजून पाहिला. माझाच पंजा.

मॅडमनी विचारलं, हात दिव्याखाली गेला होता का. नाही म्हटलं. गेला असेल तर क्षणभर. पण क्षणभराच्या सावलीत पेशींनी वीस मिनिटं कशी काढली?

११ मार्च, मंगळवार

आज हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. दिव्यापासून दोन पावलं लांब. डोक्याची जराशी सावली टेबलाच्या टोकाला, डिशच्या काठाला स्पर्शत होती —

पेशी तिथे सरकल्या. सगळ्या. डोळ्यानं दिसेल अशा.

मॅडम म्हणाल्या, पेशी दिवसभरात केसाच्या जाडीएवढी सरकते, तू घरी जाऊन झोप. माहीत आहे मला! मी काय बघितलं तेही माहीत आहे!

१२ मार्च, बुधवार

दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. त्या दुसऱ्या बाजूला आल्या.

खाली बसलो. टेबलाआड. सावली नाही — तरी काठाशी, माझ्याच बाजूला —

औषध आहे, दिवा आहे, सगळं आहे. बिघडवणारा एकटा मी. जिथे मी, तिथे यांना आसरा. जीवच काढायचा होता ना मला यांचा? मग पोसतोय का?

व्हरांड्यात ती म्हणाली, माझ्यासाठी काही करायचंच असेल तर काही करू नकोस. शब्द जिभेवरून घसरत होते. मी भिंतीवर मूठ मारली.

१३ मार्च, गुरुवार

शेवटची डिश. अकरा वाजता मॅडम येऊन बघणार, मग सर्जनना कळवणार.

मॅडम मघाशी सांगून गेल्या — गाठ जाड झाली की उजेड खोल जात नाही. वरच्या पेशी मरतात. खालच्यांना वरच्यांचा आडोसा.

मी नसलो तर आडोसा नाही. एवढंच करायचं. निघायचं.

दिवा लावला. मागे बघितलं नाही. त्या काठाशी आल्या असतील, येऊ देत. मेल्यांनो, आता कुणाच्या सावलीत बसाल!

बाहेर आलो. दार ओढून घेतलं. कडी घातली.

उभ्यानंच लिहितोय. दाराखालच्या फटीत लाल उजेडाची पट्टी. सरळ, स्वच्छ. दहा मिनिटं झाली —

पट्टीत मधोमध, माझ्या पायांसमोरच, काळं. टाचणीच्या डोक्याएवढं.

आत कुणी नाही.

बटणाएवढं. मॅडमचं पाऊल जिन्यात. दार उघडलं तर पुन्हा माझी सावली — आणि नाही उघडलं तर — एकीवर एक चढतायत, वरच्या मरतायत आणि खालच्या —

पट्टी अर्धी —