त्रेचाळीस नंबरच्या शेळीची चौकशी

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत विचारत नाही, ठणठणीतच असणार. रविवारी तुमच्या निवृत्तीच्या जेवणात तुम्ही मला जो आग्रह केलात, तो आजारी माणसाच्या हातून होत नाही. मामींच्या गुडघ्यांना आराम पडो.

इकडे माझं मात्र वाटोळं झालं. अकरा वर्षं मी या संशोधन केंद्रात शेळ्यांच्या लेंड्यांतली जंतांची अंडी मोजतोय (चारचौघांत तुम्ही ‘भाचा शास्त्रज्ञ आहे’ एवढंच सांगता, त्याबद्दल आभारी आहे). एकाच कुरणात चरणाऱ्या दोनशे शेळ्यांत त्रेचाळीस नंबरची तेवढी कधी आजारी पडली नाही. का, म्हणून तिचं रक्त तपासत गेलो आणि शेवटी तिच्या जनुकांत एक खूण सापडली. दुसऱ्या एकाही शेळीत ती नाही. आधीचं रक्त तपासण्यांतच संपलं. आता ताजं मिळून तीच खूण पुन्हा दिसली, तरच हे काम कोणी खरं मानणार.

हे सांगायला मी आठवडाभर परिषदेला गेलो (टाळ्या पडल्या, बहुधा चहाची वेळ झाली म्हणून), तिथून परस्पर तुमच्याकडे जेवायला आलो आणि सोमवारी गोठ्यात पाहतो तर तिची जागा रिकामी. आमच्या भांडारपालाने औषधांची वही चाळली होती. ज्या जनावराच्या नावावर तीन वर्षांत औषध निघालं नाही ते निकामी, काढा लिलावात, असा नियम त्याने स्वतःच्याच अकलेने बसवला. मी त्याच्यावर ओरडलो, तर शांतपणे म्हणाला, “रोगाच्या प्रकल्पात धडधाकट शेळी कशाला, साहेब?” संचालकांनी मला उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्या सगळ्या हगवणीने बेजार आहेत. मामा, मला संचालकांसमोरच रडू आलं.

आपला,
भाचा

ता. क. लिलावाच्या कागदावर त्रेचाळीसपुढे तुमची सही आहे. जेवणासाठी शेळी कुठून घ्यावी असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा आमच्या लिलावातून घ्या आणि कधीही आजारी न पडलेलीच मागा, असं मीच सांगितलं होतं. कातडं अजून घरात असेल तर (ती खूण त्यातही सापडते) कानातल्या बिल्ल्यासकट बर्फात घालून ताबडतोब पाठवा.

आणखी एक. मामींना यातलं काही कळू देऊ नका. मी तीनदा वाढून घेतलं होतं आणि असं मटण जन्मात पुन्हा मिळायचं नाही, असं त्यांना सांगून आलोय.