सुमीच्या दुधातली अर्जुनसाल

७ जाने. ८६, पार्ले
सुमीचा तिसरा डोस. येताना रिक्षात दोनदा ओकली. ते लाल औषध मानेतली गाठ मारतं आणि हृदयही पोखरतं, हे घरात मलाच नीट ठाऊक. कॉलेजच्या लॅबमध्ये मी तेच उंदरांना टोचते ना! आधी अर्जुनसालीचा अर्क पाजायचा, मग औषध, मग हृदय वाचलं का बघायचं. माझी पीएच.डी. आणि आजारी माझीच धाकटी बहीण. काय म्हणावं याला.

११ जाने.
अर्कवाल्या उंदरांची हृदयं झकास. बाकीच्यांची वाट लागलीय. घरी बोलून गेले. सुमी लगेच, "उंदरांचे लाड करतेस, माझे पण कर की गं."
सरांना विचारलं. "तुझ्या उंदरांना कॅन्सर होता का?" नव्हता. अर्कानं हृदयाबरोबर गाठही वाचवली तर? सरांना माहीत नाही. मला कुठे माहितेय.
सुमीला नाही म्हटलं. अबोला. आई भांडी आपटतेय.

२८ जाने.
चौथा डोस. सुमी माझ्याशी कामापुरतंच बोलते. लॅबमध्ये लक्ष लागत नाही, घरी तर त्याहून नाही.

१६ फेब्रु.
लॅबमध्ये जागा नाही, म्हणून साल घरी माळ्यावर वाळवते. आज दळायला काढली तर निम्मीच.
आई शांतपणे, "रोज एक तुकडा दुधात उकळून देतेय तिला. आजोबा घ्यायचे तुझे."
"कधीपासून?"
"तुझे उंदीर वाचले म्हणालीस, तेव्हापासून."
नाही नाही ते बोलले तिला. मग मोरीत जाऊन रडले.

१७ फेब्रु.
डॉक्टरांना सगळं सांगितलं. हृदय उत्तम. गाठ मात्र आहे तेवढीच, आधी दर वेळी कमी व्हायची. सालीमुळे? "सांगता येत नाही. कधी औषधच लागू पडेनासं होतं." साल बंद करायला सांगितली. केली. उद्या पाचवा डोस.

१० मार्च
गाठ जराशी कमी लागते म्हणाले डॉक्टर. आनंद व्हायला हवा होता.
घरी येताना सुमी पहिल्याच मजल्यावर कठडा धरून थांबली. "काही नाही गं, दमले." ओठ पांढरेफटक. उद्या हृदयाची तपासणी, ती बघूनच पुढचा डोस.
आत्ता आई दारात येऊन उभी राहिली. "तिचं दूध कसं करू? नुसतं?"
मला हो म्हणवेना. नाहीही म्हणवेना. अजून उभीच आहे.