निघालीच नाही ती हाक

मंगळवार, संध्याकाळ. सिल्वासा.

आज मसाटच्या कारखान्यात माझ्या लाईनवरच्या सुरेखाची ओढणी सूत गुंडाळणाऱ्या रोलरमध्ये ओढली गेली. मी चार पावलांवर होतो. ओरडलो, पण घशातून नुसती हवा आली. मग धावत जाऊन लाल बटण दाबलं. ओढणी फाटली, तिला काही झालं नाही. ती म्हणाली, "दादा, हाक का नाही मारली?"

काय सांगणार? बारा वर्षं मशीनच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडून माझे स्वरतंतू सुजलेत, हे तिथे कोणालाच माहीत नाही. आवाजाच्या थेरपिस्ट बाईंनी व्यायाम दिलाय. बाटलीतल्या पाण्यात नळी दोन बोटं बुडवायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. पाण्याचा दाब नळीतून उलटा घशापर्यंत येतो, म्हणून तंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हलकेच थरथरतात. माझ्यासारख्या मशीनच्या माणसाला हे लगेच पटलं. तरी तीन आठवडे टाळाटाळ केली. मी सुपरवायझर; व्यायाम करताना कोणी पाहिलं, आवाज गेल्याचं कळलं, तर कामावर कोण ठेवील, ही भीती.

हाक का नाही मारली. दिवसभर तेच.

आत्ता बायकोसमोर बसून बुडबुडे काढले. ती भाजी निवडत होती, हसली नाही. "कारखान्यात सांगितलं का?" एवढंच विचारलं.

म्हणून साहेबांना मेसेज केला. आवाज गेलाय, बरा होईपर्यंत मला लाईनवर ठेवू नका. निळी खूण आली, उत्तर नाही. फोन उलटा ठेवतो, पुन्हा उचलतो.