बाबांचं शेवटचं वाक्य

३ मार्च, मंगळवार

दादा आणि धाकटी पुन्हा भांडले. या खेपेला फोनवर, आणि मध्ये मी! पंधरा तारखेला चर्चमध्ये बाबांची स्मरणसभा. त्यांच्या शेवटच्या दिवसाबद्दल घरच्यांनी काहीतरी वाचायचं, आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात. का, तर बाबांचा गुरुवारचा शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा, वर्ग आता मी घेते. दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करते, हे कुणी लक्षात घेत नाही.

भांडण एवढंच — जाताना बाबा काय म्हणाले? धाकटी नर्स आहे, दुपारभर तीच त्यांच्याजवळ होती. ती म्हणते, बाबा घाबरले होते, तिचा हात सोडत नव्हते. "देव दिसत नाही गं मला," म्हणाले. मग ती डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेली. थोड्या वेळाने दादा आत गेला. तो सांगतो, बाबा शांत होते. "सगळं ठीक आहे," म्हणाले आणि डोळे मिटले. आई पलीकडच्या खोलीत पडली होती. मी पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

"तापात बरळले असतील," दादा म्हणतो. "जन्मभर लोकांना विश्वास शिकवला त्यांनी. आणि आईच्या कानावर हे गेलं तर ती खचेल."

धाकटी म्हणाली, "ते घाबरलेच नव्हते, तर मी कुणाचा हात धरून बसले होते?"

दोघांचंही पटतं मला. हीच पंचाईत.

५ मार्च, गुरुवार

वर्गात आज नेमका येशूच्या वधस्तंभाचा प्रसंग आला. तो पुढे ढकलावा असं वाटलं होतं, पण बाबांनी कधी ढकलला नसता.

शुभवर्तमानं चौघांची. मार्क आणि मत्तय सांगतात, प्रभूने ओरडून देवाला विचारलं, मला का सोडलंस? लूक तो आक्रोश घेतच नाही. त्याच्याकडे प्रभू आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो. योहानाकडे, काम पुरं झालं म्हणतो आणि मान टाकतो. वर्गात एक निवृत्त ट्रॅफिक हवालदार येतात. त्यांनी लगेच हात वर केला. "मग खरा जबाब कुणाचा, बाई?"

बाबा सांगायचे तेच सांगितलं. हे जबाब नव्हेतच. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापली माणसं होती. मार्काची माणसं बहुधा छळाला भ्यालेली — प्रभूलाही एकटं वाटलं होतं, हे त्यांना कळायला हवं होतं. मत्तयाला जुन्या शास्त्रावर वाढलेल्यांना दाखवायचंय, की देवाने दिलेला शब्द पाळला गेला. लूक तर सरळ सांगतो, मी विचारपूस करून लिहितोय. आजारी, गरीब, बायका, परके — कुणाला विसरत नाही. योहान सगळ्यांच्या मागून लिहितो, पुष्कळ काळ मनात घोळवून.

"म्हणजे पंचनामा नाही, पत्रं," हवालदार म्हणाले. वहीत लिहूनही घेतलं त्यांनी. मी मात्र घरी येईपर्यंत धाकटीच्या हाताचाच विचार करत होते.

८ मार्च, रविवार

दोघांचं जोडून एक पान लिहिलं. "बाबांना थोडी अस्वस्थता जाणवली, परंतु अखेरीस शांती लाभली." दोघांना वाचून दाखवलं.

दादा: "अस्वस्थता काढ."

धाकटी: "थोडी?"

फाडून टाकलं. बाबा असं कधी बोललेच नसते. माझा शिवणकामातला अनुभव सांगतो, दोन जातींची कापडं ताणून जोडली की शिवणीला चुण्या पडतात. हे पान तसंच झालं होतं.

९ मार्च, सोमवार

धाकटी सभेला येणार नाही म्हणते. "ताई, त्या पानात मी नसेन, तर तिथे बसून काय करू?"

१२ मार्च, गुरुवार

हवालदारांची नवी शंका. चारांचं मिळून एकच का नाही केलं? कटकट मिटली असती!

केलं होतं, म्हटलं. फार जुन्या काळी एकाने चौघांचं गुंफून एकच केलं, काही ठिकाणी ते पिढ्यान्‌पिढ्या वाचलंही गेलं. पण शेवटी शुभवर्तमानं चारच राहिली. आक्रोशही राहिला आणि शांतीही. कुणी कुणाचं खोडलं नाही.

बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं.

घरी येऊन दादाला फोन लावला. एक पान नको, म्हटलं. तू तुझं वाच, धाकटी तिचं वाचेल. मी त्या दिवशी उशिरा पोहोचले, म्हणून मी माझं वेगळं वाचेन — तुम्हाला विचारून कळलेलं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं. बाबांचा चष्मा घडी घालून छातीवर ठेवलेला होता, तो कुणी ठेवला कोण जाणे. धाकटीच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ होते.

दादाने विचारलं, "वळ होते?" आणि रडायला लागला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

१३ मार्च, शुक्रवार

दादाचा निरोप: धाकटीला वाचू दे. पण आईला आधी घरात कळू दे, चर्चमध्ये सगळ्यांसमोर नको. आणि ते तू सांग, मला जमणार नाही.

मला जमेल असं का वाटतं या लोकांना?

१४ मार्च, शनिवार

आई इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"ठाऊक आहे मला. मी पलीकडच्या खोलीत होते, दार नुसतं लोटलेलं होतं. दोन्ही ऐकलं. दादा सांगतो ते माझ्यासाठी. धाकटी सांगते ते तुझ्या बाबांसाठी."

मग इस्त्री बंद केली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आता माझंही लिहून घे. धाकटी बाहेर पडली आणि दादा आत यायचा होता, तेवढ्यात मी त्यांच्याजवळ गेले होते. मला कुणी विचारलंच नाही."