मसुराएवढे राखणदार

नाशिक,
६ डिसेंबर २००४

ती. दत्तूदादास,
तृप्तीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मळ्यावरचा फोन दिवाळीपासून मुका आहे, म्हणून सरितावहिनीबरोबर हे पत्र आणि भोकं पाडलेला एक डबा पाठवते आहे. डबा जपून उघड, आत जीव आहेत.

कृषी खात्याच्या आमच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, त्या दिवशी वाटलं, चुकून कुणाच्या कोठारात शिरले. मांडणीवर ओळीने लाल भोपळे, आणि त्यांच्यावर द्राक्षाला लागतो तोच पांढरा, चिकट किडा, मिलीबग, मुद्दाम वाढवलेला! साहेब म्हणाले, की हा आपल्या पाहुण्यांचा स्वयंपाक. पाहुणे म्हणजे डब्यातले हे भुंगेरे. मसुराएवढे, काळे, नारिंगी डोक्याचे. मिलीबगवरच जगतात. रोज बघते, तरी माझं मन भरत नाही.

तुझी बाग यंदा खात्याकडे निर्यातीसाठी नोंदवलेली आहे. काढणीआधी घडांचा नमुना तपासणीला जाईल. औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला, की युरोपचं दार बंद. तेव्हा उन्हं कलली की भुंगेरे वेलींवर सोड आणि फवारणीचा ब्लोअर झाकून ठेव.

आईला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
तृप्ती


निफाड,
९ जानेवारी २००५

चि. तृप्तीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं सरकार तुला मिलीबग पाळायचा पगार देतं, हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. लोक हसतील.

पण आता मलाच रडायची पाळी आहे. तुझे नारिंगी डोक्याचे पाहुणे आठ-पंधरा दिवस दिसले आणि पसार झाले. आणि मिलीबग? तो आता दुप्पट मोठा झाला आहे. अंगाला पांढऱ्या झालरी लोंबतात. वेलींच्या आडव्या ओलांड्यांवर, घडांच्या देठाशी, जिथं बघावं तिथं. इतकी वर्षं बाग केली, पण असलं ध्यान पाहिलं नव्हतं.

दुकानदार एक जालीम औषध देतो म्हणतो. निर्यातीच्या बागेला ते बंद आहे, हे मला ठाऊक आहे. पण घडच चिकट झाले, तर युरोप कशाला, निफाडच्या बाजारातही कुणी हात लावणार नाही. परवा सकाळी मारतो. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा हेतू चांगलाच होता.

आई तुला तिळाचे लाडू पाठवते म्हणते. तब्येतीला जप, लोभ ठेव.

तुझा,
दत्तूदादा


नाशिक,
११ जानेवारी २००५

ती. दादास, नमस्कार.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. अरे, तो मिलीबग नाही! ती आपल्याच भुंगेऱ्यांची पिल्लं आहेत. लहानपणी ती हुबेहूब मिलीबगसारखी पांढरी दिसतात. आईबापांपेक्षा खादाड तीच. फवारलंस, तर सगळी मरतील.

‘परवा’ म्हणजे आजच, हे मी बोटांवर मोजलं. निफाडकडे निघालेल्या आमच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ ही चिठ्ठी देते आहे. देव करो आणि तुझा ब्लोअर नादुरुस्त असो. रागावलास तरी चालेल, पण आज मारू नकोस.

तृप्ती


निफाड,
२० फेब्रुवारी २००५

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फवारलं नाही, एवढा निरोप त्याच ड्रायव्हरबरोबर धाडला होता. पुढं कामानं मान वर करू दिली नाही. आज सविस्तर लिहितो.

तुझी चिठ्ठी दुपारी आली. सकाळीच मी औषध कालवायला बसलो होतो. आई वेलीखाली वाकून उभी होती. तिनं हाक मारली, की हा पळतोय बघ, आपला मिलीबग असा कधी पळत नाय. मी वैतागूनच गेलो. उकिडवा बसलो आणि तुला काय सांगू, उठायचं भानच राहिलं नाही. तो झालरवाला तुरुतुरु चालत आला, त्यानं मिलीबगच्या कापसासारख्या अंड्यांच्या पुंजक्यात तोंड खुपसलं आणि पुंजका विस्कटून टाकला. मग शेजारचा मिलीबग धरला. मागं नुसतं टरफल राहिलं. एका ओलांड्यावर असे किती होते! माझ्या सगळ्या बागेत, मला न विचारता, हे काम चाललं होतं. अंगावर काटा आला. आईनं तर हात जोडले. मी मजुरांना घडांवरची पानं काढायला लावलं आणि ब्लोअर शेडमध्ये ढकलला.

महिनाभरात देठ स्वच्छ झाले. खात्याचे साहेब बाग बघून गेले, त्यांच्यासमोर घडांचा नमुना घेऊन पेटीला सील लावलं. अहवाल येईपर्यंत मला जेवण गेलं नाही, हे सरिता सांगेलच. बाग पास झाली. कालपासून काढणी चालू आहे.

आता एक नवल सांगतो. आमच्याकडचा घास संपला, तसे भुंगेरे बांधापलीकडे गोटीरामच्या बागेत उडायला लागले. आज सकाळी त्याचा ब्लोअर सुरू झाल्याचा आवाज आला, तसा मी हातातली कात्री टाकून पळालो. त्याला म्हटलं, की जरा बंद कर, आधी माझ्याबरोबर खाली बस. त्याला वाटलं, दत्तूला ऊन लागलं. पण ब्लोअर बंद करून बसला. थोड्या वेळानं त्यानं माझा दंड घट्ट धरला आणि मिलीबग खाणाऱ्या एका भुंगेऱ्याकडे बोट दाखवलं. कितीतरी वेळ आम्ही दोघं तसेच वेलीखाली बसून होतो.

सवड काढून ये. आमचा जीव तुझ्यावर आहे, तुझाही असू दे.

तुझा,
दत्तूदादा